आमच्या कॅमेऱ्यांतले रस्ते मागून घ्या : जुन्या शहरांच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ऐतिहासिक जुनी शहरे सांभाळणाऱ्या नगरपालिका, वारसा समित्या आणि नगर अभिलेखागारे यांस

विषय : प्रवाशांनी काढलेली जुन्या रस्त्यांची छायाचित्रे शहराच्या दप्तरी जमा करून घेण्याबाबत

स. न. वि. वि.

गेली १९ वर्षे मी सवड मिळेल तेव्हा जुन्या शहरांतून पायी हिंडते आणि तिथल्या रस्त्यांची छायाचित्रे काढते. किल्ले, राजवाडे, प्रार्थनास्थळे यांची छायाचित्रे काढणारे पुष्कळ आहेत आणि त्या वास्तूंची दप्तरेही आपल्याकडे नीट लावलेली असतात. माझे लक्ष त्यांच्याकडे नेणाऱ्या बोळांकडे, वळणांकडे, दोन घरांच्या मधून नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांकडे राहिले. या काळात शहरांच्या वेशींवर कॅमेऱ्याविषयीच्या पाट्या वाढत गेलेल्या मी पाहिल्या. इथे ट्रायपॉड लावू नये, इथे थांबू नये, या गल्लीत छायाचित्र काढू नये, असे त्या सांगतात, आणि त्यांतल्या बहुतेक पाट्या योग्य कारणानेच लागल्या आहेत. परंतु ‘काढलेल्या छायाचित्राची एक प्रत जाताना आमच्याकडे ठेवून जा’ असे सांगणारी पाटी मला एकाही शहरात दिसली नाही. ती लागावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

ही मागणी कुठून आली, ते आधी सांगते. एका जुन्या शहरात जेमतेम आठ फूट रुंदीचा एक बोळ होता. दोनदा वळून तो पाण्याकडे उतरत असे. त्याची फरसबंदी नदीतल्या गोट्यांची होती. गोटे आडव्या ओळींत उभे रोवलेले होते आणि मधोमध पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी एक उथळ पन्हळ होती. तिसऱ्या घराच्या कोपऱ्याशी, गाडीच्या चाकाने भिंत खरवडली जाऊ नये म्हणून, गुडघाभर उंचीचा एक दगड पुरलेला होता. त्या दगडावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, बोटाएवढी खोल तिरपी खाच पडली होती. कित्येक पिढ्यांच्या गाड्या त्या अरुंद वळणावर त्याच एका जागी घासत गेल्या होत्या. सकाळचे ऊन त्या खाचेत नेमके शिरले होते म्हणून मी ते छायाचित्र काढले. त्या वेळी मला नोंद वगैरे काही ठेवायची नव्हती, प्रकाश आवडला एवढेच कारण होते.

११ वर्षांनी मी त्याच बोळात परत गेले. यंत्राने कापलेल्या चौकोनी फरशा एका पातळीत बसवलेल्या होत्या, पन्हळ बुजवून गटार जमिनीखालून नेले होते आणि कोपऱ्यावरचा दगड नव्हता. काम वाईट झाले होते असे मी म्हणणार नाही. म्हाताऱ्या माणसांना आता तिथून न घसरता चालता येत होते. मी चौकशीसाठी तिथल्या कचेरीत गेले. ज्या अभियंत्यांची भेट झाली, त्यांनी मला बसवून घेतले आणि फाइल काढून दाखवली. फाइलमध्ये मंजूर नकाशा होता, निविदा होती, देयके होती आणि काम पूर्ण झाल्यानंतरची दोन छायाचित्रे होती. काम सुरू होण्यापूर्वीचे एकही नव्हते. मी माझे छायाचित्र त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी ते मोठे करून बराच वेळ पाहिले, पन्हळीच्या दोन्ही बाजूंच्या गोट्यांच्या ओळी बोटाने मोजल्या, आणि समोरच्या भिंतीचे काही आहे का, असे विचारले. होते, पण हललेले होते. मी ते इतकी वर्षे टाकून कसे दिले नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते. त्यांनी दोन्ही छायाचित्रे स्वतःच्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, कारण कचेरीच्या दप्तरी ती घ्यावीत कशी, हा प्रश्न होता. आवक नोंदवहीत पत्राला रकाना होता, अर्जाला होता, तक्रारीला होता. बाहेरच्या माणसाने आणून दिलेल्या छायाचित्राला नव्हता. ते गृहस्थ एव्हाना निवृत्त झाले असतील आणि तो पेनड्राइव्ह कुठे असेल, ते कोणालाच सांगता येणार नाही.

हा अनुभव एका कचेरीचा दोष म्हणून मी लिहीत नाही. रस्ता ही वस्तूच अशी आहे की तिची पूर्ण नोंद कोणाच्याच वाट्याला येत नाही. फरसबंदी बांधकाम विभागाची असते, तारा वीज खात्याच्या असतात, नळ पाणीपुरवठ्याचे असतात, दोन्ही बाजूंच्या भिंती खाजगी मालकीच्या असतात आणि त्यांवरच्या पाट्या दुकानदारांच्या असतात. संरक्षित वास्तूची एक खिडकी बदलायची झाली तरी परवानगी लागते, अहवाल लागतो, छायाचित्रे जोडावी लागतात. रस्ता मात्र एक कठडा, एक पायरी, एक दिव्याचा खांब असा तुकड्यातुकड्याने बदलतो, आणि त्यातला कोणताही बदल इतका मोठा नसतो की कोणी त्याची दखल घ्यावी. २० वर्षांनी मागे वळून पाहिले की सगळ्या वास्तू जागच्या जागी असतात आणि त्यांना जोडणारे शहर ओळखू येत नाही. या २० वर्षांचा साक्षीदार बहुधा एकच असतो, आणि तो म्हणजे तिथून चालत गेलेला, गळ्यात कॅमेरा असलेला अनोळखी माणूस.

एके काळी शहरे अशा माणसांना स्वतः बोलावून काम देत असत. पॅरिस शहराने १८६० च्या दशकात शार्ल मार्व्हिल या छायाचित्रकाराला नेमले आणि नव्या रुंद रस्त्यांसाठी जे जुने रस्ते पाडले जाणार होते, त्यांची चारशेहून अधिक छायाचित्रे काढून घेतली. रस्ते पाडणारी आणि ते टिपून ठेवायला सांगणारी नगरपालिका एकच होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाडकामाचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर आजही वाद घालता येतो, पण तो वाद घालण्यासाठी लागणारा पुरावा त्याच नगरपालिकेने जमा करून ठेवला आहे. मार्व्हिलच्या छायाचित्रांत रस्त्याच्या मधोमध वाहणारे पाणी, ओले चकाकणारे दगड, भिंतींवरच्या जाहिराती, दुकानांच्या पाट्या, सारे वाचता येते. ग्लासगोमध्ये १८६६ च्या शहर-सुधारणा कायद्यानंतर जे दाट वस्तीचे अंधारे बोळ पाडायचे ठरले, ते त्या कामाच्या विश्वस्तांनी टॉमस ॲनन याच्याकडून १८६८ ते १८७१ या काळात टिपून घेतले. त्या बोळांत उजेड इतका कमी होता की कॅमेऱ्यातली, छायाचित्र टिपणारी काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे, आणि म्हणून दारात उभी असलेली मुले कित्येक ठिकाणी धूसर झाली आहेत. त्यांच्या पायांखालची फरशी मात्र स्पष्ट आली आहे.

लंडनमध्ये हेच काम नागरिकांनी वर्गणीतून केले. एक जुनी सराई पाडली जाणार असे १८७५ मध्ये कळले, तेव्हा तिची छायाचित्रे काढून घेण्यासाठी काही लोक एकत्र आले, आणि तिथून सुरू झालेल्या मंडळाने १८८६ पर्यंत जुन्या लंडनची १२० छायाचित्रे प्रसिद्ध केली. ती अशा पद्धतीने छापली की त्यांचा रंग उडू नये. पॅरिसमध्ये पुढे यूजेन आत्जे याने १८९० च्या दशकाअखेरीपासून जड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या पट्ट्या खांद्यावर वाहत जुन्या वस्त्या पालथ्या घातल्या. स्वतःच्या छायाचित्रांना तो कागदपत्रे म्हणत असे. ग्रंथालये आणि संग्रहालये ती त्याच्याकडून विकत घेत, आणि १९२० मध्ये २,६०० हून अधिक काचा त्याने फ्रेंच सरकारला विकल्या. आज त्याचे नाव कलावंत म्हणून घेतले जाते, पण त्याचे मोठे गिऱ्हाईक दप्तरखान्याचे होते, आणि तसे गिऱ्हाईक होते म्हणूनच तो दारांच्या मुठी, जिन्यांचे कठडे आणि ओस चौक इतक्या चिकाटीने टिपत राहिला.

अशा नोंदी प्रत्यक्षात कशा कामी येतात, याची दोन-तीन उदाहरणे आपल्याला माहीत असतीलच, तरी ती इथे देणे मला भाग आहे. आल्ब्रेख्ट मायडनबाउअर हा तरुण जर्मन वास्तुविशारद १८५८ मध्ये वेट्झलरच्या कॅथेड्रलची मोजमापे घेताना उंचावरून पडता पडता वाचला, आणि भिंत हातांनी मोजण्याऐवजी छायाचित्रावरून मोजता येईल का, हा विचार त्याच्या मनात तिथे आला. पुढे १८८५ मध्ये बर्लिनमध्ये त्यासाठी सरकारी संस्था उभी राहिली आणि काचेवरची सुमारे २०,००० मोजणी-छायाचित्रे तिने जमवली. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या इमारती उभारताना त्यांचा उपयोग झाला. वॉर्सॉचे जुने शहर १९४४ मध्ये पद्धतशीर उद्ध्वस्त करण्यात आले. ऐतिहासिक भागाचा ८५ टक्क्यांहून अधिक हिस्सा नष्ट झाला. तो पुन्हा उभारताना अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तो याने रंगवलेली रस्त्यांची दृश्ये, वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आधी केलेली मोजणी-रेखाटने आणि जुनी छायाचित्रे हाताशी होती. पुन्हा उभारलेले ते शहर १९८० मध्ये जागतिक वारसा यादीत आले आणि पुनर्बांधणी कचेरीच्या दप्तराला २०११ मध्ये युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ या नोंदवहीत स्थान मिळाले. दप्तरालाही वारसा मानले गेले, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते.

अलेप्पोचे उदाहरण ताजे आहे. तिथल्या छप्परबंद बाजाराला सप्टेंबर २०१२ मध्ये आग लागली. त्यानंतर २०१३ पासून बर्लिनमधील इस्लामी कलेचे संग्रहालय आणि जर्मन पुरातत्त्व संस्था यांनी सीरियातल्या जुन्या शहरांची, संशोधकांनी कित्येक दशके काढलेली छायाचित्रे एकत्र करून त्यांची अंकीय नोंद सुरू केली. म्हणजे त्या गल्ल्यांची स्मृती त्यांच्यापासून हजारो किलोमीटर दूर, लोकांच्या कपाटांत आणि पेट्यांत पडून होती, आणि ती मागून घेणारे कोणीतरी पुढे यावे लागले. भूकंप, आग आणि युद्ध यांची वाट न पाहता, शहर धडधाकट असतानाच ती मागून घेता येते.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. छायाचित्रांचा आज महापूर आहे, समाजमाध्यमांवर आमच्या शहराची लाखो चित्रे आहेत, मग वेगळी मागायची कशाला, असे विचारले जाते. ती चित्रे कुठली आहेत, हे आपण एकदा बसून पाहावे. एकाच पुलाच्या एकाच कठड्यावरून, एकाच वेळच्या उन्हात, एकाच दिशेने काढलेली हजारो चित्रे सापडतील आणि त्या पुलाच्या मागच्या गल्लीचे एक सापडणार नाही. जे सापडेल, त्यावर रंग चढवलेले असतील, तारा आणि कचरापेट्या पुसून टाकलेल्या असतील. संदेशातून पाठवताना किंवा वर चढवताना चित्र लहान होते आणि मूळ फाइलमध्ये असलेली तारीख, वेळ आणि जागेची माहितीही बहुतेकदा गळून पडते. असे चित्र पाहायला छान असते, पण कोणत्या वर्षी कोणत्या घराची पायरी कशी होती, याचा दाखला म्हणून ते उभे राहत नाही.

दाखला म्हणून उभे राहील असे छायाचित्र काढणे मात्र अवघड नाही, ते कोणी तरी सांगावे लागते. बोळाच्या मधोमध उभे राहावे. कॅमेरा वर किंवा खाली न झुकवता सरळ धरावा, म्हणजे भिंती आत झुकल्यासारख्या दिसत नाहीत. भिंती सरळ ठेवणारी खास लेन्स असली तर उत्तम, नसली तर थोडे मागे सरकून जास्तीची जमीन चौकटीत घ्यावी. ती जमीनही पुढे उपयोगी पडते, कारण फरसबंदी हा रस्त्याचा सर्वांत आधी बदलणारा भाग आहे. प्रत्येक वळणावरून पुढे एक आणि मागे एक असे छायाचित्र घ्यावे. एकेक भिंत टिपताना लगतची दोन छायाचित्रे निम्म्याहून अधिक एकमेकांवर येतील असे सरकत जावे, म्हणजे पुढे कोणाला संगणकावर त्या गल्लीचा त्रिमितीय आराखडा बांधायचा झाला तर बांधता येतो. तारा, पाट्या, पडलेले प्लास्टर, काहीही टाळू नये. आणि आभाळ झाकोळलेले असेल तर हिरमुसून परत फिरू नये. आम्हा छायाचित्रकारांना तिरपे ऊन हवे असते, पण अरुंद गल्लीत ऊन पडले की अर्धी भिंत पांढरी होते आणि अर्धी सावलीत बुडते. मऊ, सपाट उजेडात दोन्ही भिंतींवरची प्रत्येक भेग दिसते. अशा मळभाच्या दिवशी काढलेली शेकडो छायाचित्रे मी निर्जीव म्हणून पुसून टाकली, आणि त्यांत कितीतरी गल्ल्या होत्या ज्या आता तशा राहिलेल्या नाहीत. मला कोणी वेशीवर हे सांगितले असते तर मी ती ठेवली असती. ही खंत मला खरोखर आहे.

आता निर्बंधांविषयी, कारण त्यांच्याविरुद्ध हे पत्र आहे असा समज होऊ नये. क्योतोच्या गिओन भागात खाजगी गल्ल्यांत छायाचित्रे काढण्यास २०१९ मध्ये मनाई झाली आणि २०२४ मध्ये तशा काही गल्ल्या पर्यटकांना बंद करण्यात आल्या. पॅरिसच्या रू क्रेमिय या रंगीत घरांच्या रस्त्यावरील रहिवाशांनी २०१९ मध्ये संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी रस्त्याला फाटक लावण्याची मागणी केली. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट या छोट्या गावात २०२३ मध्ये देखाव्यासमोर लाकडी कुंपण उभे राहिले होते, ते काही दिवसांनी काढले गेले. या सगळ्या ठिकाणी मी रहिवाशांच्या बाजूने आहे. ज्यांच्या उंबऱ्यावर दिवसभर अनोळखी माणसे बसतात, ज्यांच्या खिडकीत लेन्स वळते, त्यांना ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे. ऐतिहासिक नगरांच्या जतनासाठी १९८७ मध्ये स्वीकारलेल्या वॉशिंग्टन सनदेनेही रहिवाशांच्या सहभागावाचून जतन होत नाही असेच म्हटले आहे. माझे म्हणणे इतकेच की गर्दी करणारा कॅमेरा आणि नोंद करणारा कॅमेरा यांच्यात फरक करता येतो, आणि तो करण्याचा मार्ग आपल्याच हाती आहे. ज्याला काम सांगितले आहे, तो त्या एका पुलावर गर्दी करत नाही, मागच्या गल्लीत जातो.

याउलट, कॅमेऱ्यासाठी रस्ता नटवण्याची जी पद्धत पडते आहे, तिच्याबद्दल मला फार काळजी वाटते. भिंतींना नवे भडक रंग देणे, ‘इथून छायाचित्र काढा’ अशी चौकट उभारणे, जुन्या दिव्यांसारखे दिसणारे नवे दिवे लावणे, हे करताना आपण पाहुण्यांची सोय करतो आहोत असे आपल्याला वाटत असेल. पण काही वर्षांनी जुने कोणते आणि जुन्यासारखे केलेले कोणते, हे सांगणारे कोणी उरत नाही, आणि त्या चौकटीतून काढलेली हजारो छायाचित्रे तीच चूक पक्की करत जातात. निदान असे काम काढण्यापूर्वी त्या रस्त्याची छायाचित्रे तारखेसह दप्तरी लागली पाहिजेत, असा नियम करावा. फाइलमध्ये काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याला जेवढे महत्त्व आहे, तेवढेच काम सुरू होण्यापूर्वीच्या दाखल्याला असावे.

मागणी प्रत्यक्षात आणायला फारसे काही लागत नाही. नगर अभिलेखागारात छायाचित्रे स्वीकारणारी एक व्यक्ती, एक पत्ता, एक पानाचा अर्ज. अर्जावर रस्त्याचे नाव, उभे राहिल्याची जागा, दिशा, तारीख आणि छायाचित्रकाराचे नाव. हक्क छायाचित्रकाराकडेच राहावेत, शहराला ते जपून ठेवण्याची, अभ्यासासाठी दाखवण्याची आणि दुरुस्तीच्या कामी वापरण्याची कायमची परवानगी असावी. मूळ फाइल घ्यावी आणि दोन वेगळ्या जागी दोन प्रती ठेवाव्यात. ज्यांत चेहरे, मुले किंवा घराचा आतला भाग दिसतो, ती छायाचित्रे लोकांसाठी खुली करू नयेत, आणि जमा झालेला संग्रह सर्वांत आधी त्या त्या गल्लीतल्या लोकांना दाखवावा. घराच्या जुन्या दाराची नक्षी सुताराला समजावून सांगताना त्यांनाच तो सर्वांत जास्त उपयोगी पडेल. शिवाय कोणत्या रस्त्यांवर येत्या वर्षात खोदकाम किंवा दुरुस्ती होणार आहे, त्याची यादी आपल्याकडे असतेच. ती यादी वेशीवर आणि पर्यटक केंद्रात लावून ‘या रस्त्यांची छायाचित्रे हवी आहेत’ असे लिहिले, तर निदान माझ्यासारखे लोक आपला अर्धा दिवस त्या रस्त्यांना देतील.

माझ्याकडे या १९ वर्षांतल्या मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर आहेत. शहर, वर्ष आणि गल्ली यांनुसार त्या लावून ठेवण्याचे काम मी गेल्या हिवाळ्यापासून करते आहे. ज्या गल्लीचे नाव आठवत नाही, तिथे जवळच्या चौकाचे नाव लिहिते. गोट्यांच्या त्या बोळाची दोन्ही छायाचित्रे, हललेल्या दुसऱ्यासकट, त्यांत आहेत. ती कुठे आणि कोणाच्या नावे पाठवावीत, तेवढे कृपया कळवावे.

आपली विश्वासू,
जुन्या रस्त्यांवरून पायी हिंडणारी एक छायाचित्रकार